गरम नळी, गार नळी

सालेकसा,
१२ ऑगस्ट २००४

भाची योगेश्वरीच्या पायांना केवलराममामाचा हात. हाताला ग्रीस आहे, तेवढं चालवून घे.

पत्र पाहून तू चक्रावशील. एरवी मामा वर्षाला एक पत्र लिहितो आणि त्यातही 'दिवाळीला कधी येतेस' एवढंच असतं. पण आज काम पडलं आहे, आणि तेही तुझ्याकडे. हस, पोटभर हस. तुझी मामी सकाळपासून हसतेच आहे.

भुवनेश्वर बिसेनची पांढरी जीप तू पाहिली आहेस, टर्बोवाली. तो सालेकशाहून दरेकशाचा घाट चढून डोंगरगडला सवाऱ्या नेतो. सपाटीला गाडी छान पळते, पण घाटात दहा माणसं बसली की दम टाकते. काळा धूर सोडते, इंजिन तापतं, बाया पदर नाकाला लावून ड्रायव्हरला शिव्या देतात. नवरात्रात देवीला जाणाऱ्यांची रीघ लागते, त्याआधी गाडी धड व्हायला पाहिजे. गोंदियाच्या एका नव्या गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलं, "इसमें इंटरकूलर लगेगा. केवलराम से नहीं होगा." भुवनेश्वरनं हे मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हणतो कसा, "मिस्त्री, तुमचा हात मोठा हाय, पण हे काई हाताचं काम नाई."

पोरी, सत्तावीस वर्षं मी या उजव्या हातावर गॅरेज चालवलं. इंजिनावर तळवा ठेवायचा आणि मोजायचं. पाचपर्यंत टिकला तर सगळं ठीक, तीनला उचलावा लागला तर पाणी कमी, एकलाच उचलला तर गाडी तिथेच उभी करायची. काटा नाही, मीटर नाही. या भागात मला कुणी केवलराम कटरे म्हणून ओळखत नाही, हातवाला मिस्त्री म्हणतात. आता त्या हाताचं नाव राहतं की जातं असा प्रश्न आहे. तू तिकडे रेडिएटरच्या कारखान्यात हेच काम करतेस म्हणे. मला एक इंटरकूलर बनवून दे, आणि त्याच्या नळ्या.

तुझ्या मामीचा आशीर्वाद. ती म्हणते, जेवत जा.

मामा


भोसरी, पुणे,
२० ऑगस्ट २००४

ती. मामांना आणि मामीला योगेश्वरीचा रामराम.

पत्र तीनदा वाचलं. मला धक्काच बसला, मामा! शाळेत असताना मी तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूनं गिअरबॉक्स काढला होता, तेव्हा तुम्ही ओल्या फडक्यानं तो पुसून म्हणाला होतात, "भाचीनं देवघरात बसावं, गॅरेजमंधी नाई." तेच मामा आज मला काम सांगतात!

आता मनातलं बोलूनच टाकते. गेल्या दिवाळीपासून मी धरून चालले होते की तुम्ही माझ्यावर नाराज आहात. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो. मी पाळण्यात होते तेव्हापासून तुम्ही दर दिवाळीला वाकून माझ्या पायांवर दोन्ही तळवे टेकवता, आणि तुमच्या खरखरीत हातांनी मला गुदगुल्या होतात. गेल्या दिवाळीला मी पाय पुढे केले आणि तुम्ही चार पावलांवरूनच हात जोडलेत. सगळे जेवायला आत गेले, मी तिथेच उभी राहिले. मुलीनं एकटीनं पुण्यात राहून कारखान्यात पत्रे कापावेत हे मामांना पटलं नाही, असंच मला वाटलं. फार रडले होते त्या दिवशी. पण आता पत्र आलं, म्हणजे राग गेला असं मी समजते.

तर कामाचं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा खूप तापते, आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून घाटात इंजिनाला ती पुरत नाही. इंटरकूलर म्हणजे त्या हवेचा रेडिएटर. टर्बोतून एक नळी कूलरमध्ये जाते, ती गरम. कूलरमधून दुसरी नळी इंजिनाकडे जाते, ती गार. एवढंच आहे सगळं. सांधे मात्र घट्ट पाहिजेत, कारण आत दाबाची हवा असते.

मला जीपच्या पुढच्या जाळीमागची जागा, दोन्ही तोंडांची मापं आणि नळ्या कुठून कशा वळवायच्या ते कळवा. नीट कळवा हं. इथे नळी एकदा वाकवली की परत सरळ होत नाही.

तुमची,
योगेश्वरी


सालेकसा,
३ सप्टेंबर २००४

भाचीच्या पायांना मामाचा हात.

मापं पाठवतो आहे. एसटीडीच्या बूथवरून सांगणार होतो, पण तिथे मी 'बावीस' म्हणालो की पलीकडून 'बत्तीस' ऐकू येतं. म्हणून दुसरी युक्ती केली. जाड तार घेतली, टर्बोपासून जाळीपर्यंत आणि जाळीपासून इंजिनापर्यंत हवी तशी वाकवली आणि जिथे सांधा यायचा तिथे लाल दोरा बांधला. ती तार महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या पार्सलात टाकली आहे. तारेवरून नळ्या वाकव, बोटाचाही फरक पडायचा नाही.

टेप मामीनं धरली. माझ्या हातून ती सारखी सटकत होती. तर ही बाई सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणते, "आजकाल तुमच्या हातून सगळंच सटकून राहिलं. काल चहाचा गिलास, परवा पाना." माणूस पन्नाशीला आला की बायकोला चेव येतो बघ.

दिवाळीचं तू उगाच मनाला लावून घेतलंस. त्या दिवशी कंबरेत उसण भरली होती, वाकता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तुझ्या आईनं, धनवंतानं, शेक आणि लेप काढले असते, म्हणून गप्प राहिलो. तुझा मला अभिमान आहे, तोंडावर कधी बोललो नाही इतकंच.

मामा


भोसरी,
१६ सप्टेंबर २००४

मामांना रामराम.

तुमची तार आमच्या कारखान्यात गाजली. आमचे फोरमन ती हातात फिरवत म्हणाले, "हा माणूस कुठे शिकला?" मी म्हटलं, माझे मामा आहेत. दोऱ्याच्या गाठी मात्र मामीच्या आहेत, मी ओळखल्या. तुमच्या गाठीला कधी शेपूट राहत नाही.

कूलर, अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, रबरी जोड आणि आठ क्लॅम्प आजच्या गाडीनं पार्सल केले आहेत. नळ्यांच्या टोकांना मी बारीक कड उठवली आहे. रबर त्या कडेच्या पलीकडे नेऊन मग क्लॅम्प आवळा, नाहीतर दाबानं जोड निसटतो. फार आवळलं तर रबर कापेल, कमी आवळलं तर सुटेल. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या बोटांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बसवून झालं की भरली गाडी घाटात चढवा आणि वर पोचताच बॉनेट उघडून दोन्ही नळ्या तपासा. पण हात लावू नका! पहिली नळी जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी तापते. लांबूनच पाण्याचा शिंतोडा मारा. पहिलीवर चुर्र झालं पाहिजे, दुसरीवर काही नाही. ऐकाल ना एवढं?

तुमची,
योगेश्वरी


सालेकसा,
२९ सप्टेंबर २००४

भाचीच्या पायांना मामाचा हात.

बसला! तुझा कूलर जाळीमागे असा बसला की गाडी त्याला घेऊनच जन्मली म्हणावं. नळ्या तारेबरहुकूम. काल घाटात नेली. वर पोचल्यावर बॉनेट उघडलं. आता पाण्याचा शिंतोडा मारणं हे काही हातवाल्या मिस्त्रीला शोभत नाही, तूच विचार कर, भुवनेश्वर शेजारी उभा होता. पहिल्या नळीवर तळवा ठेवला आणि वीसपर्यंत मोजलं. दुसरीवर ठेवला, तेही वीस. दोन्ही गार! पोरी, तू तर कमाल केलीस, गरम नळीसुद्धा गार करून टाकलीस.

भुवनेश्वर म्हणतो धूर अजून थोडा आहे आणि 'फुस्स' असा आवाज येतो. त्याच्या कानात वारं आहे. मी क्लॅम्प स्वतः आवळले आहेत.

तळव्यावर एक फोड आला आहे. चुलीवरच्या चहाच्या गंजाचा असेल. कधी आला तेही कळलं नाही. मामी त्यावर हळद लावून तोंड फिरवून बसते.

मामा


भोसरी,
५ ऑक्टोबर २००४

मामा,

रामराम राहू द्या. मी हादरले आहे. तुम्ही लिहिता ते होऊच शकत नाही!

पहिली नळी गार असणं ही आनंदाची गोष्ट नाही. घाट चढून आलेल्या भरल्या गाडीची ती नळी गार असेल तर टर्बो हवा दाबतच नाही, तो मेला आहे. किंवा हवा टर्बोजवळच कुठेतरी सुटते आहे, भुवनेश्वर म्हणतो तो 'फुस्स' हाच असेल. मी फोरमनना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "एकतर गाडीत गडबड आहे नाहीतर सांगणाऱ्यात." सांगणारे माझे मामा आहेत, म्हणजे गाडीतच गडबड आहे.

माझंच काही चुकलं असेल, या विचारानं दोन रात्री डोळा लागला नाही. पुन्हा एकदा घाट चढवा, पुन्हा पहिली नळी बघा, आणि या वेळी खरंच पाणी मारा. तोवर भुवनेश्वरला सवाऱ्या भरू देऊ नका. चौदा तारखेला घट बसतात, माहीत आहे. तरीही नको.

योगेश्वरी


सालेकसा,
१० ऑक्टोबर २००४

चि. योगेश्वरी,

तुझ्या फोरमनला सांग, सांगणाऱ्यात गडबड नाही. काल गाडी पुन्हा घाटात चढवली, इथे आणून गॅरेजसमोर उभी केली, बॉनेट उघडलं आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या नळीवर हात ठेवला. वीस नाही, साठ मोजले. साठ! गार म्हणजे गार. सत्तावीस वर्षांत हा हात एकदाही खोटं बोललेला नाही, आणि आता दोन इयत्ता जास्त शिकलेली भाची मला पाण्याचे शिंतोडे मारायला सांगते.

गाडी चांगली चढते. भुवनेश्वरनं नवरात्राच्या सवाऱ्या ठरवल्या आहेत. मी हो म्हटलं आहे.

मामा

(याच पाकिटात वहीच्या फाडलेल्या पानावर, वेगळ्या अक्षरात)

बाई योगेश्वरी, पत्र पोष्टात टाकाले मीच जाऊन राहिली म्हणून ही चिठ्ठी आत घातली. यायले सांगू नोको. काल यायनं त्या नळीवर हात ठेवून साठवर मोजलं. मी चहा घेऊन बाजूले उभी होती. मले जळल्याचा वास आला. मी वरडली तवा यायनं हात उचलला, त तळहाताची साल नळीलेच चिकटून राहिली. आन् हे हासून म्हणतात, "कायले वरडून राहिली, गारच त हाय." बाई, माणसाले आपला हात जळलेला समजत नाई, असं कसं होते? मले लय भेव लागून राहिलं. कोनाले पुसू? तू शिकली हायेस, तूच सांग. — शामकला मामी


भोसरी,
१५ ऑक्टोबर २००४

मामा,

दुपारी पत्र आलं आणि मी लेथच्या शेजारी उभ्यानंच मामीची चिठ्ठी वाचली.  मामीवर रागावलात तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही.

नळी गरमच होती. टर्बो ठीक आहे, कूलर ठीक आहे. मामा, तुमच्या हाताला ती कळली नाही.

मी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. सटकणारी टेप, चहाचा ग्लास, मामीनं बांधलेल्या गाठी, कधी आला ते न कळलेला फोड. मी किती मूर्ख! आणि तुम्ही लिहिलंत, दिवाळीला कंबरेत उसण भरली होती. त्याच दिवाळीला तुम्ही माझी लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आला होतात, मामा. उसण भरलेला माणूस ट्रंक उचलत नाही. तुम्हाला वाकता येत होतं. तुम्हाला माझ्या पायांना हात लावायचा नव्हता.

का, ते आता मला कळतं आहे. इथल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: न दुखणारा, न खाजणारा चट्टा, त्यावर स्पर्श कळत नसेल तर लगेच दाखवा, औषध फुकट आहे, आजार बरा होतो. तुमच्या अंगावर असा चट्टा आहे का? वर्षभर तुम्ही तो बाहीखाली झाकला आहे का? आजाराचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे असं मला वाटतं.

उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. आणि जीप थांबवा, हात जोडते. ते क्लॅम्प तुम्ही त्याच हातानं आवळले आहेत. बूथवर दोनदा फोन केला, निरोप दिला, तुम्ही आला नाहीत.

योगेश्वरी


सालेकसा,
२ नोव्हेंबर २००४

भाची योगेश्वरीला मामाचा लांबूनच नमस्कार.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. जे व्हायचं ते अठराला होऊन गेलं होतं.

दरेकशाच्या घाटात, शेवटच्या वळणाच्या थोडं आधी, गरम नळीचा जोड निसटला. गाडीत अकरा माणसं होती, त्यात एक बाळंतीण आणि तिचं दीड महिन्याचं लेकरू. गाडीची ताकद गेली, ती उभी राहिली आणि मागे घसरायला लागली. इंजिन बंद पडल्यानं ब्रेकही धरेनात. एका सवारीनं उडी टाकून मागच्या चाकाखाली दगड सरकवला. गाडी थांबली तेव्हा मागचं चाक दरीपासून दोन हात होतं. कुणाला खरचटलंही नाही. भुवनेश्वर परत आला तो थेट गॅरेजात. त्यानं क्लॅम्प माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "मिस्त्री, हा बोटानं फिरून राहिला. बोटानं!"

मी फिरवून पाहिला. मला तो घट्टच लागला. तेव्हा मला उमगलं. हात काय म्हणतो ते मी ऐकत होतो, पण हात काही म्हणतच नव्हता, मीच त्याच्या वतीनं बोलत होतो.

आता खरं लिहितो. दंडावर चट्टा दीड वर्षापासून आहे. गेल्या दिवाळीच्या आधी विडीचा चटका त्यावर बसला आणि कळला नाही, त्या दिवसापासून मी जाणून होतो. नळीला डावा हात लावला असता तर खरं समजलं असतं. म्हणूनच लावला नाही.

तू विचारशील, लपवलं काऊन? माझे थोरले काका होते, आसाराम. तू नाव ऐकलं नसशील, घरात ते कुणी घेत नाही. त्यांना महारोग झाला तेव्हा गावानं बोडीच्या तळ्यापलीकडे राहायला खोपडी बांधून दिली. मी नऊ वर्षांचा होतो. आई जेवण द्यायची, मी ते दगडावर ठेवून पळत यायचो. एकदा त्यांनी टोपलं घ्यायला हात लवकर पुढे केला आणि मी भीतीनं दगड उचलून मारला. बोटांवर बसला, रक्त आलं. ते हसून म्हणाले, "मार बा, मले लागत नाई." त्यांचा तो आवाज मी चाळीस वर्षं विसरू शकलो नाही. चट्टा दिसला तेव्हा मला आधी बोडीपलीकडची खोपडी दिसली आणि दगड घेतलेलं एक पोर दिसलं.

पंचवीस तारखेला मामी मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. खरंच ओढत, बाजारातून, लोकांच्या देखत. डॉक्टर बाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. एकेक तळव्याला लावून विचारलं, "ही कोणती?" मी म्हटलं, गार. "आणि ही?" मी म्हटलं, गार. डोळे उघडले तर मामी भिंतीकडे तोंड करून रडत होती. एका नळीतून वाफ निघत होती.

बाईंनी नाव घेतलं, अगदी सर्दी म्हणावं तसं. म्हणाल्या, वर्षभर गोळ्या, हाताची नस सुजली आहे तिच्या वेगळ्या, पहिला डोस पोटात गेला की दुसऱ्याला लागण होत नाही. बरा होतो. हात किती परत येईल ते सांगता येत नाही, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. मला हे सगळं ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मनात एकच येत होतं. एवढ्याशा गोळीसाठी मी अकरा माणसं दरीच्या तोंडाशी नेली.

गॅरेज बंद ठेवलं आहे. या दिवाळीला तू येऊ नकोस.

केवलराम


भोसरी,
९ नोव्हेंबर २००४

मामा,

 त्या लेकराचा विचार मनातून जात नाही. मी इथे टेबलाशी बसून 'तुमच्या बोटांना जास्त कळतं' असं लिहिलं, ती ओळ आठवून मला माझीच लाज वाटते. चूक एकट्या तुमची नाही. मीही तुमच्या हाताला देव मानून बसले होते.

पण तुमच्यावर रागही आहे, तो गिळणार नाही. तुम्ही मला वर्षभर रडवलंत. भाचीला आजार लागू नये म्हणून पाय सोडलेत, आणि भाचीला वाटलं मामानंच सोडलं. एक शब्द सांगितला असतात!

सोबत एक पार्सल येईल. त्यात दोन गोल काटे आहेत, तापमानाचे, मी स्वतः नळ्यांना भोकं पाडायचं माप काढून दिलं आहे. एक गरम नळीवर, एक गार नळीवर. क्लॅम्पसाठी कटकट आवाज करणारा पाना आहे. ठरलेल्या जोरावर तो आवाज करतो, तेव्हा थांबायचं. कानांनी काम करा, डोळ्यांनी करा. तुमचं डोकं कुठेही गेलेलं नाही, ती तार वाकवणारं. भुवनेश्वरला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तो जीप तुमच्याकडेच आणेल. नाही आणली तर मी येऊन त्याच्या अंगणात बसेन.

या दिवाळीला येत नाही, कारण तुम्ही म्हणता. पुढच्या दिवाळीला येईन. तेव्हा चार पावलांवरून हात जोडलेत तर उंबरठ्यावरूनच परत फिरेन, मामीनं अनरसे दिले तरी थांबणार नाही. चेष्टा नाही करत.

योगेश्वरी


सालेकसा,
८ नोव्हेंबर २००५

भाची योगेश्वरीच्या पायांना मामाचा हात.

पुण्याला सुखरूप पोचलीस असं धनवंता म्हणाली. वर्षभर आपण पोस्टकार्डांवर नुसते आकडे लिहिले, पहिली नळी एकशेआठ, दुसरी चोपन्न, गोळ्यांचं सातवं पान, आठवं पान. आज नीट लिहायला बसलो आहे. मामी चहा ठेवते आहे आणि अधूनमधून वाकून काय लिहितो ते बघते आहे.

तुझ्यासमोर जे बोललो नाही ते लिहितो. गोळ्यांचं शेवटचं पान संपलं त्या दिवशी डॉक्टर बाईंनी पुन्हा त्या दोन नळ्या लावल्या. मी दोन्ही वेळा अंदाजानं सांगितलं. एक बरोबर आली, एक चुकली. बाई म्हणाल्या, अंगठ्याकडे थोडं परत येतं आहे असं वाटतं, करंगळीकडे नाही, बघू. मी घरी येऊन कुणाला काही बोललो नाही. अंदाजानं सांगायची सवय मला महाग पडली आहे, म्हणून 'येतं आहे' हेही मी मानलं नाही.

गॅरेजात आता हात कुठेच लावत नाही. भुवनेश्वरच्या जीपला तुझे दोन काटे आहेत, ते बघितल्याशिवाय तो घाट चढत नाही. मागच्या महिन्यात एका सवारीनं उतरून सगळीकडे बघितलं, मग मला विचारलं, "हातवाले मिस्त्री तुम्हीच का?" मी म्हटलं, आता काट्यावाला म्हणा. काही लोक चहा माझ्याकडे घेत नाहीत. दोघं-तिघं आहेत. त्यांच्या गाड्याही येतात, पण चहा नको म्हणतात.

तर दिवाळीचं. तू सकाळच्या गाडीनं आलीस, बोरिंगवर पाय धुतलेस आणि अंगणात येऊन उभी राहिलीस. सगळा गोतावळा जमला होता. तू फक्त पाय पुढे केलेस, तशीच, लहानपणी करायचीस तशी.  चार पावलं चाललो तेव्हा मला वाटलं, लोक मला नाहीतर तुला मागे ओढतील. कुणी ओढलं नाही. मी वाकलो आणि दोन्ही तळवे टेकवले.

मी लवकर उठलो नाही. तुझी आई म्हणाली, "दादाची कंबर धरली वाटते." तूही घाबरून मला उठवायला वाकलीस. कंबर धरली नव्हती, पोरी. मी डोळे मिटून मोजत होतो. आधी डाव्या हातानं खात्री केली, मग उजव्यानं. पुन्हा डाव्यानं, पुन्हा उजव्यानं. अंदाजानं नाही, अंगठ्याकडे खरंच कळलं.

तुझे पाय गार होते.